तांबे मास्तरांचं परराष्ट्र धोरण

तांबे मास्तर नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवत आणि जे शिकवत ते खरं मानत, हीच सगळी पंचाईत होती. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या चाळीत दोन महासत्ता होत्या. पुढच्या जिन्याकडे लवू परब, तालमीचे सर्वेसर्वा. मागच्या जिन्याकडे सीताराम राणे, गणेश मंडळाचे तहहयात अध्यक्ष. दोघे मालवणकडचे, दोघे एकाच संपात गिरणीतून बाहेर पडलेले, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारण काय, तर एका गणपतीत पहिल्या आरतीचा मान परबांचा असताना तबक राण्यांनीच ओवाळून टाकलं. एवढ्यावरून माणसं वर्षानुवर्षं तोंड फिरवून नळावर उभी राहतात.

तळमजल्याच्या टोकाला कोळशाची जुनी वखार रिकामी पडली होती. परबांना ती तालमीसाठी हवी, राण्यांना मंडळाच्या सामानासाठी. एकाने कुलूप लावावं, दुसऱ्याने तोडावं. अखेर ‘त्याला मिळण्यापेक्षा कुणालाच नको’ या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं आणि किल्ली मास्तरांकडे आली. मास्तरांनी भिंतींना चुना मारला आणि अभ्यासिका काढली. ज्यांच्या घरात पाय पसरायला जागा नाही अशी दहावीची मुलं तिथे बसून वाचू लागली. परबांनी पंखा दिला म्हणून राण्यांनी फळा दिला. राण्यांनी सतरंजी टाकली म्हणून परबांनी बाकं करून घेतली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. मास्तर याला अलिप्ततावाद म्हणत. विमलाबाई, म्हणजे त्यांची बायको, याला दोन्ही पंगतींत जेवणं म्हणत.

मग सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात अमेरिका आणि रशियाने क्षेपणास्त्रं मोडीत काढायचा करार केला आणि मास्तरांना चेव आला. नेमकं त्याच सुमाराला परबांचा बाळा आणि राण्यांची अनुपमा यांचं जमल्याचं चाळीत फुटलं. परबांनी मुलाला गावी धाडायची भाषा सुरू केली, राण्यांनी मुलीची नोकरी बंद केली. कुणी बोलावलं नसताना मास्तर मधे पडले.

“तुम्हाला कुणी सांगितलंय?” विमलाबाई म्हणाल्या.

“अगं, एवढी मोठी राष्ट्रं शहाणी झाली. ही दोन माणसं होणार नाहीत?”

“होतील ना. आणि ते दोघं एक झाले, की तुम्ही अलिप्त कुणापासून राहणार?”

“विमल, हे जागतिक प्रश्न तुला नाही कळायचे.”

मास्तरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. परब मुलाबद्दल म्हणाले, “त्येका सांगा, माझो झील काय रस्त्यार पडलेलो नाय.” मास्तरांनी मागच्या जिन्यावर जाऊन सांगितलं, “परब म्हणतात, मुलगी गुणी आहे.” राणे म्हणाले, “पयली आरती कोणाची, ता आधी कबूल करूक सांगा.” मास्तरांनी पुढच्या जिन्यावर येऊन सांगितलं, “राणे म्हणतात, घर चांगलं आहे.” असं करत करत, चपला झिजवून, त्यांनी दोन्ही घरं वळवली. त्या दिवसांत वर्गात ते इतके खुशीत असत, की धडा सोडून जपान कसा वर येतोय, चीन उद्या कुठे असेल, हेच सांगत बसत. आपल्या चाळीत कोण वर येतंय आणि कोण खाली जातंय, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

माघात चाळीच्या अंगणात मांडव घालून साखरपुडा झाला. दोन्ही व्याह्यांनी मिठी मारली, दोघेही रडले, आणि मास्तरांनीही डोळे पुसले. त्यांच्या हातात नारळ देऊन राणे म्हणाले, “मास्तर, तुमी नसतास तर ह्या झाला नसता.” मग पेढा तोंडात टाकत म्हणाले, “आता वखारीची किल्ली तेवडी द्या.”

“किल्ली? ती कशाला?”

“आता आमच्यात वाद खय रवलो? अर्धी तालमीक, अर्धी मंडळाक.”

“अहो, मार्चात दहावीची परीक्षा आहे. मुलांनी बसायचं कुठे?”

“मार्चात लगीनय आसा,” परब म्हणाले. “गावचे पाव्हणे खय उतरतले? पोरां जिन्यार बसान वाचतीत.”

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. वाटेल ते करून निदान परीक्षेपर्यंत तरी खोली राखायची होती. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लावालावी केली. परबांना कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, “लवूदादा, राणे खिडकीकडची बाजू मागणार आहेत बरं का. बघा बुवा.”

परबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मांडव ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “व्याहीबुवा, मास्तर म्हणतत तुका खिडकी होयी. घे खिडकी.” दोघे पोट धरून हसले. बाळाही हसला, अनुपमाही. मास्तरांना संताप आला तो त्यांचा नव्हे, स्वतःचा. त्यांनी आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, वर त्याबद्दल नारळही घेतला होता.

सगळे तसेच वखारीकडे निघाले. कुलूप उघडावं लागलंच नाही. मुलं आत वाचत होती. एवढी माणसं आत आलेली पाहून ती उठली. मास्तर त्यांना म्हणाले, “चला रे, आज लवकर बंद.” मुलं पुस्तकं गोळा करून बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

परबांनी मोजायची टेप काढली. एक टोक त्यांनी या भिंतीला लावलं, दुसरं राण्यांनी त्या भिंतीला. खोली लांब होती, टेप मधे झोळ खाऊ लागली.

“मास्तर,” राणे म्हणाले, “वायच मधे धरा बघू.”

मास्तरांनी धरली. कुणाच्याही वाट्याला बोटभर कमी येऊ नये, म्हणून अगदी सरळ धरली.