मोकळं पाणी

"मॅडम, हे काळं दिसतंय ते पानी ना?"

हितेशने विचारलं, तेव्हा डॉ. पद्मजांची नजर पडद्यावरून हलली नाही. "हो, पाणी," एवढंच म्हणून त्या कोमलच्या पोटावर यंत्र फिरवत राहिल्या.

पनवेलच्या त्या सोनोग्राफी सेंटरची खोली अंधारी आणि गार होती. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याचा फलक होता. एसी लांब गेलेल्या बोटीसारखा घुमत होता. पडद्यावर करडा उजेड हलत होता. त्यात पाठीच्या कण्याची मण्यांची माळ वर आली आणि पुन्हा बुडाली. मग डोकं आलं, पांढऱ्या कडेचं, गोल.

हितेशला ते सगळं ओळखीचं वाटलं. उरणमध्ये काशिराम तांडेलाच्या बोटीवर मासळी शोधणाऱ्या फिश फाइंडरचा पडदा बघायचं काम त्याच्याकडे होतं. जाळं कुठे सोडायचं ते तांडेल त्याला विचारून ठरवी. त्या पडद्यावर उजळ ठिपके म्हणजे मासळी, खालची जाड रेघ म्हणजे तळ आणि काळं म्हणजे मोकळं पाणी. तिथे जाळं फाडणारं काही नसतं. काळं दिसलं की त्याचा जीव निवांत होई.

बाळाच्या डोक्यात शेजारी शेजारी दोन काळी तळी होती. तो बघत राहिला. आपण इंजिन बंद करून कुणाच्या तरी झोपेत शिरलोय आणि बोट आपसूक पुढे सरकतेय, असं त्याला वाटलं. त्याने कोमलच्या घोट्यावर हात ठेवला.

"सगलं साफ हाय," तो कुजबुजला. "कुठं खडक नाय."

"पोर हाय का पापलेट?" कोमल म्हणाली आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

पद्मजा हसल्या नाहीत. त्यांनी काळ्या तळ्याच्या दोन्ही काठांवर खुणा टेकवून माप घेतलं. कोमलला कुशीवर वळवून पुन्हा घेतलं. मग कापसाने तिच्या पोटावरचं जेल त्यांनी स्वतःच पुसलं. ते काम एरवी सेंटरमधल्या मावशी करत.

त्यांनी पडदा दोघांकडे वळवला.

"डोक्यात थोडं पाणी सगळ्यांच्याच असतं. तुमच्या, माझ्याही. ते एका बाजूने तयार होतं, दुसरीकडून वाहून जातं. इथे वाट अडलीय, म्हणून साठलंय. मधे दिसतंय ते सगळं पाणी. मेंदू बघा, हा. कडेला दाबला गेलाय."

"पन यांनी तर सांगितलं..." कोमल उठून बसली. तिने हितेशकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

"वाचंल ना?" त्याने विचारलं.

"वाचायला हवं. जन्मल्यावर मुंबईला ऑपरेशन करावं लागेल. पाणी उतरायला आतून नळी घालतात. डोकं मात्र मोठं असेल. पुढे चालेल का, बोलेल का, ते आज कुणीच सांगू शकणार नाही. मी खोटं सांगणार नाही."

मग बाहेर पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं.

उरणच्या एसटीत कोमलला खिडकी मिळाली. गव्हाण फाट्यापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी चढलं होतं. तिवरांचे नुसते शेंडे वर होते, त्यांवर बगळे बसले होते. ते बगळेही हलत नव्हते.

"तुमाला दिसलं नाय?" तिने खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"दिसलं."

"मग?"

"पानीच दिसलं. पानी वंगाळ कसं असंल, असं वाटलं."

जासई येईपर्यंत तिने डोकं काचेला टेकवून ठेवलं होतं. मग ते त्याच्या खांद्यावर आलं. ती जागी होती. त्याने खांदा हलू दिला नाही.

घरी ओट्यावर त्याची आई गोदूबाई टोपडं शिवत बसली होती. कापड तिच्याच जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यांच्या घरात टोपड्याची मागची शिवण बाळ जन्मून डोक्याचं माप कळेपर्यंत उघडीच ठेवत. तिने हितेशच्या वेळीही तसंच केलं होतं.

हितेश तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पाणी, नळी, मुंबई. कोमल दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"डोकं मोठं म्हंजे केवढं?" शेवटी गोदूबाईने विचारलं.

मासा केवढा मिळाला ते सांगताना उचलावेत तसे हितेशने दोन्ही हात उचलले. तळवे समोरासमोर आणले, थोडे लांब नेले. मग आणखी थोडे.

गोदूबाईने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. टोपडं मांडीवर पालथं घातलं, लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यातून एक पट्टी कापली आणि उघड्या शिवणीत धरून पाहिली. मग सुई-दोरा कोमलपुढे केला.

"ओवून दे गो. मना दिसत नाय."

कोमलने दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच खेपेला ओवला. हितेशचे हात खाली येऊ लागले होते.

"हात नको हलवू," गोदूबाई म्हणाली. "माप घेतंय."

ती पट्टी घेऊन पुढे सरकली. हितेश तळव्यांमधली जागा तशीच धरून बसून राहिला.