गोजराबाईच्या दाराचा अडसर

मित्रांनो, मी एक जुना सागवानी अडसर आहे. आसेगावच्या जगदेवच्या घराचं दार आतून बंद करता यावं म्हणून सुताराने मला तासलं. भिंतीतल्या खोबणीतून मला ओढायचं, दाराला आडवं सारायचं, एवढंच माझं काम. पण ते दिवसातून कितीदा! माझ्या कडा झिजल्या, अंग शिणलं.

मला सारायची जगदेवची बायको, गोजराबाई. घरात एकटी असली की भर दुपारीसुद्धा. कोणी हाक मारली तर आधी आतूनच विचारायची, "कोन हाय? कोनाकडचे?" पाण्याला जाताना शेजारच्या तुळसाबाईला सोबत घ्यायची. जगदेव मात्र वाटेत भेटेल त्याच्या चिलमीला तोंड लावायचा. बायकोची खबरदारी त्याला भित्रेपणा वाटे.

चैत्रातल्या एका दुपारी दारावर थाप पडली.

"माय, कारंज्याहून आलो. देवीचा परसाद आनला."

"ओट्यावर रांजन हाय, पानी प्या. घरधनी आले का मंग बोला," गोजराबाई आतून म्हणाली.

तेवढ्यात जगदेव शेतातून आला आणि बाहेरूनच ओरडला, "कायले पावन्याले उनात उभं ठेवलं? काढ तो अडसर!"

"तुमाले वळख हाय काय त्याची?"

"परसाद घेऊन आलेल्या मानसाची वळख कायले पाह्यजे?"

गोजराबाईने नाइलाजाने मला मागे ओढलं.

पाहुण्याने दोघांना एकेक पेढा दिला. जगदेवने लगेच खाल्ला. गोजराबाईने आपला पदराच्या टोकाला बांधून ठेवला. थोड्या वेळाने जगदेवची जीभ अडखळू लागली, डोळे ताणले गेले, तो हवेतले धागे वेचू लागला. पेढ्यात धोतरा होता. पाहुणा उठला आणि त्याने सरळ दागिन्यांची पेटी उचलली.

गोजराबाईने मला खोबणीतून उपसलं, दोन्ही हातांनी उगारलं आणि हाक मारली, "तुळसाबाई, धाव वं!" तुळसाबाई मुसळ घेऊन धावली, तिच्यामागे आळीतल्या बायका. त्यांचा गलका ऐकताच तो माणूस पेटी टाकून परसदारातून पळाला.

जगदेव दोन दिवस बायकोलाही ओळखत नव्हता. ती उशाशी बसून होती. शुद्धीवर आल्यावर तो हळूच म्हणाला, "तुनं इचारलं होतं. म्याच आयकलं नाई." गोजराबाई भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली.

मग जगदेव स्वतःच मला सारू लागला, आतून नाव-गाव विचारू लागला. गडीमाणसं हसत. तो हसू देई.

आता त्या दाराला लोखंडी कडी आली आहे. मी गोठ्यात पडलो आहे, वाळवी लागली आहे. गाऱ्हाणं नाही, फक्त दमलो आहे. एवढंच मागतो, मित्रांनो: बाई असो की गडी, घरातलं कोणी दाराशी थांबून काही विचारत असेल, तर त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. मी लाकूड होतो. ओढलं की सरकायचो. थांबणं तुमच्या हाती आहे.