हात शेवटचा, पाय पहिला

सूर्यभान मिस्त्रीच्या नाकावर राग होता असं म्हणणं म्हणजे बिचाऱ्या नाकावर अन्याय. राग त्याच्या अख्ख्या अंगात होता. अकोल्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यानं ज्यानं हौसेनं नाटक केलं, त्या प्रत्येकानं त्याची बोलणी खाल्ली होती. फ्लॅटला, म्हणजे सेटच्या कापडी भिंतीला, टेकून उभं राहिलं की बोंब. रंग ओला असताना हात लावला की बोंब. चपला घालून सेटच्या लेव्हलवर, उंच चौथऱ्यावर, चढलं तर सात पिढ्यांचा उद्धार. पोरं मागे फिरून हसायची, "मिस्त्रीचं इंजन गरम झालं," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला घालूनच चढायची.

पण काम असं की त्यानं बांधलेलं काही कधी हललं नाही. माणूस ज्यावर चढणार अशी कोणतीही वस्तू बांधून झाली की आधी सूर्यभान स्वतः चढायचा, मधोमध उभा राहून तीनदा उडी मारायचा, खाली उतरायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चढा." तो शब्द येईस्तोवर कोणी नट पाय ठेवत नसे. ही रीत त्याला त्याच्या उस्तादानं, नारायण मिस्त्रीनं लावली होती. हात ज्याचा शेवटचा, पाय त्याचा पहिला, असं उस्ताद म्हणायचा. शेवटचा बोल्ट ज्यानं आवळला किंवा सैल केला, त्यानं आधी स्वतःचा जीव त्यावर ठेवावा, मग दुसऱ्याचा. सूर्यभाननं आयुष्यात देवाधर्माचे नियम बरेच मोडले. हा एक मोडला नाही.

त्या दिवशी अमरावतीला हौशी नाटकांच्या स्पर्धेत त्यांचा दुपारी बाराचा प्रयोग होता. पहाटेच टेम्पो निघाला आणि आठच्या ठोक्याला सामान थिएटरच्या मागच्या दाराशी उतरलं. नाटक एका कापसाच्या जिनिंगवाल्या घराचं होतं. पडदा उघडतो तेव्हा घरातली मुलगी आठ फूट उंच माळ्यावर पाय सोडून बसलेली असते आणि खाली उभ्या बापाला सांगते, की तुम्ही ठरवलेलं लग्न मी करणार नाही. पहिली पंधरा मिनिटं ती वरून बोलते आणि बाप खालून. सगळं नाटक त्या उंचीवर उभं होतं.

मुलीचं काम प्रणालीचं. तेल्हाऱ्याला शाळेत शिकवणारी पोरगी, वय सव्वीस. तीन महिने शाळा सुटली की एसटी धरून अकोल्याला तालमीला यायची आणि शेवटच्या गाडीनं परत जायची. घरच्यांना सांगून ठेवलं होतं की हे एक नाटक करू द्या, पुढच्या वर्षीपासून तुम्ही म्हणाल ते. सूर्यभान तिच्यावरही ओरडायचा, पण इतरांपेक्षा जरा कमी, कारण ती त्याला काका म्हणायची आणि चपला बाहेर काढायची.

दिग्दर्शक गजेंद्र सर. कॉलेजात प्राध्यापक. अभ्यास दांडगा, बोलणं गोड. दोन वर्षं त्यांचं नाटक दुसरं आलं होतं आणि ते दुसरेपण त्यांना उठताबसता टोचत होतं. तालमीत कोणी चहा मागितला तरी त्यांना पहिला नंबरच दिसायचा.

साडेदहाला माळा उभा राहिला. चार सागाचे पाय, वर फळ्या, मागे शिडी, आणि पायांच्या मध्ये दोन तिरप्या पट्ट्यांची कैची. सूर्यभाननं वरच्या पायपावरून सोडलेल्या कापसाच्या बोऱ्यांचे दोर ओढून पाहिले, मग माळ्यावर चढला, तीनदा उडी मारली. माळा ढिम्म. खाली उतरून तो म्हणाला, "चढा." प्रणाली चढली, बसली, पाय हलवून पाहिले, हसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून सूर्यभान टेम्पोवाल्या भगवंतला घेऊन चौकात गिला वडा खायला गेला. गाडीवर गर्दी होती. त्या गाडीवाल्यावरही तो एकदा ओरडलाच.

परत आला तेव्हा बाराला बारा मिनिटं होती. विंगेतून आत शिरताना त्याच्या पायाला लाकूड लागलं. शिवी ओठावर आली आणि तिथेच अडकली. भिंतीशी दोन पट्ट्या आडव्या टाकल्या होत्या. त्यांच्यावर त्याच्याच खडूच्या खुणा होत्या, मा-एक आणि मा-दोन.

माळ्याची कैची.

त्यानं रंगमंचावर पाहिलं. माळा उभा होता. खाली, जिथे कैची असायला हवी तिथे, काळं कापड सोडलं होतं. सुबक दिसत होतं. त्यानं कापड बाजूला सारलं आणि एका पायाला तळहात लावून ढकललं. अख्खा माळा वीतभर डावीकडे झुकला आणि कण्हत परत आला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोनं काढली? कैची कोनं काढली? कोनाचे हात सडले?"

गजेंद्र सर समोरून आले, हातात संहिता. "मी काढायला सांगितली, सूर्यभानजी. परीक्षकांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. सेटच्या खिडकीतून ती कैचीची फुली सरळ दिसत होती. घरातल्या माळ्याखाली अशी फुली असते का कुठे? सगळा वास्तववाद मेला असता."

"वास्तववाद मेला असता! आन पोरगी मेली तं?"

"चार पाय आहेत ना भक्कम? रोहितनं आणि मी हलवून पाहिलं. उभं आहे."

"उभं तं बुजगावनंबी राह्यते! त्याच्यावर बसता का तुमी? वजन पडलं, बसनारानं पाय हलवले, का हे जाते आडवं! मी चढा म्हनलो ते कैचीसंगं म्हनलो. माह्या शब्दावर ते पोरगी चढनार, आन शब्द खालून तुमी काढून टाकला!"

बापाचं काम करणारा रोहित मिशी चिकटवत होता. त्यानं आरशातूनच डोळा मारला, की झालं चालू. वेशभूषा पाहणारी रागिणी साडीच्या निऱ्या घालताना हसली. कोणी वर बघितलंही नाही. मिस्त्री ओरडतो, यात नवल ते काय? प्रयोगाच्या दिवशी तो ओरडला नसता तर त्यांनी डॉक्टर बोलावला असता.

"दुसरी घंटा द्या," सर म्हणाले. "प्रणाली, जागेवर."

"घंटा नोका देऊ! मी कैची लावतो."

"किती वेळ?"

तोच तर पेच होता. कैची काढली की पाय फाकतात, मग भोकाला भोक जुळत नाही. पुन्हा सगळं सैल करा, सरळ करा, आवळा. "अर्धा घंटा," सूर्यभान म्हणाला.

"नियम माहीत आहे ना तुम्हाला? बाराला पडदा उघडला नाही तर आपण बाद. तीन महिने, सूर्यभानजी. सतरा माणसांचे तीन महिने. एका फुलीपायी?"

सर बोलत होते तेवढ्यात मागे शिडी करकरली. प्रणाली चढायला लागली होती. लाल काठाची साडी वर खोचलेली, डोळे मिटून ओठांत पहिलं वाक्य घोळवत.

"उतर!" सूर्यभान ओरडला. "ए पोरी, उतर खाली!"

ती थांबली नाही. तिसरी पायरी, चौथी. माळा हलला, पण तिचं ध्यान वाक्यात होतं.

"उतर म्हनतो ना!"

पाचवी पायरी.

सूर्यभान धावला. एका हातानं त्यानं माळ्याचा पाय आवळला आणि दुसऱ्या हातानं तिचा घोटा धरला. इतका घट्ट की ती कळवळली. तिनं डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून मुकाट्यानं एकेक पायरी उतरली. घोट्यावर त्याची चार बोटं लाल उमटली होती.

मग सूर्यभान गप्प झाला.

तो गप्प झाला आणि रोहितनं मिशीवरचा हात काढला. रागिणी निऱ्या सोडून उभी राहिली. भगवंत दारातून आत आला. पस्तीस वर्षांत कोणी ही शांतता ऐकली नव्हती. पडद्यापलीकडे खुर्च्या भरल्याचा आवाज येत होता.

सूर्यभान शिडीपाशी गेला आणि बाजूला सरून उभा राहिला, दारात पाहुण्याला वाट द्यावी तसा.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "माह्या उस्तादाची रीत हाये. हात ज्याचा शेवटचा, पाय त्याचा पहिला. शेवटचा हात तुमचा. तुमी चढा. मधात उभे राहा, तीनदा उडी मारा. काई झालं नाई तं मी तुमचे पाय धरतो, आन पोरगी वर जाते."

"हा काय पोरकटपणा आहे? सात मिनिटं उरलीत."

"चढायले अर्धं मिनिट लागते."

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी संहिता रागिणीच्या हातात दिली, चष्मा नीट केला आणि शिडीला हात घातला. पहिली पायरी. दुसरी. दुसऱ्या पायरीवर माळा त्यांच्या अंगावर आल्यासारखा झुकला. ते थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. कपाळावर घाम आला होता, आणि दिवे तर अजून लागलेच नव्हते. बराच वेळ ते त्या दुसऱ्या पायरीवर उभे राहिले. मग उतरले, आणि हात झटकत, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले,

"माझं वजन ऐंशी किलो आहे. प्रणाली हलकी आहे."

माणसाच्या तोंडून कधी कधी त्याचं सगळं आयुष्य एका वाक्यात बाहेर पडतं. सरांनाही ते कळलं असावं, कारण बोलून झाल्यावर त्यांनी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सूर्यभानची मूठ वळली. भगवंतनं त्याचा दंड धरला नसता तर त्या दिवशी अमरावतीला वेगळंच नाटक झालं असतं.

पण त्याच्या आधी प्रणाली बोलली. आवाज कापत होता, भीतीनं नाही. "मी खालून बोलतो, सर."

"अगं, खालून? सगळी रचना..."

"मी हलकी हावो, हे तुमी पाहून ठेवलं. बरं केलं. आता मी खालूनच बोलतो. नाई तं तुमीच साडी नेसा आन जा वर."

रागिणीनं तोंडावर पदर घेतला. तिसरी घंटा झाली.

पडदा उघडला तेव्हा मुलगी माळ्याखाली कापसाच्या बोरीवर बसली होती आणि बाप तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सूर्यभान विंगेत उभा राहून पाहत होता, माळ्याचा एक पाय दोन्ही हातांनी धरून. त्यावर कोणी नव्हतं, तरी त्यानं तो धरून ठेवला होता. प्रणालीनं बापाच्या डोळ्यात बघून पहिलं वाक्य म्हटलं. तिच्या अंगात अजून तो मघाचा राग होता, आणि रोहित खरोखरच एक पाऊल मागे सरला. पण पुढे गाडी घसरली. रोहितची वाक्यं वर बघून बोलायची होती, तो रिकाम्या माळ्याकडे बघून दोनदा अडखळला. प्रकाशाचा मोठा गोळा तालमीत ठरल्याप्रमाणे वर पडला आणि फळ्या उजळत राहिला. पोरीचा चेहरा अंधारात गेला. तीन महिने एसटीचे धक्के खाल्लेला तो चेहरा. सूर्यभानला ते बघवेना. तो दात खात उभा राहिला.

प्रयोग संपला, टाळ्या बेतानं पडल्या. गजेंद्र सर आत आले ते थेट त्याच्यापाशी. आता प्रेक्षक नव्हते, गोडवाही नव्हता.

"समाधान झालं? एका सुताराच्या हट्टापायी नाटक बुडालं. अजून उभा आहे तुमचा माळा, बघा. पडला का? पुढच्या वर्षीपासून तुम्ही येऊ नका."

"तुमी बोलावलं तं येनार कोन हाये?" सूर्यभान गरजला. "तुमच्या नाटकात मी मेल्यावर माही तिरडीबी बांधू देनार नाई! आन हे ध्यानात ठेवा, ज्या फळीवर सोताचा पाय ठेवायची छाती नाई, त्याच्यावर लोकाची लेक बसवू नोका. कॉलेजात शिकवता ना? हे शिकवा!"

सर निघून गेले. त्यांच्यामागून कोणी गेलं नाही, पण सूर्यभानच्या बाजूनंही कोणी बोललं नाही. सगळ्यांनाच पहिला नंबर हवा होता.

त्यानं पाना घेतला आणि बोल्ट सोडवायला लागला. अंगाचा तिळपापड होत होता. सुतार म्हणे! एका सुताराचा हट्ट! प्रत्येक बोल्ट तो सरांची मान पिरगाळावी तसा पिरगाळत होता. तेवढ्यात प्रणाली आली. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला, साडी अजून तीच. ती खाली बसली आणि सुटलेले बोल्ट डब्यात टाकू लागली.

"तुहा इनाम गेला व पोरी," तो म्हणाला. "माह्यामुळं."

"इनामाचं जाऊ द्या." तिनं आणखी एक बोल्ट डब्यात टाकला. "काका, एक सांगू? रागवू नोका."

"सांग."

"मले ऐकू आलं होतं. तुमी उतर म्हनले ते. दोन्ही बारीनं ऐकू आलं."

पाना थांबला. "मंग? उतरली काहून नाई?"

"तुमी रोजच ओरडता ना," ती साधेपणानं म्हणाली. "मले वाटलं, आजबी तसंच असंल."

तिनं साडी जराशी वर करून घोटा चोळला. बोटांचे वळ आता निळे पडायला लागले होते. सूर्यभान त्या वळांकडे बघत राहिला. सरांवरचा राग गेला नव्हता, तो जन्मभर जाणार नव्हता. पण त्याच्या शेजारी आता दुसरा एक राग येऊन बसला होता आणि तो ज्याच्यावर काढावा असं समोर कोणीच नव्हतं. पस्तीस वर्षं त्यानं आपला आवाज सवंग उधळला होता आणि जेव्हा एका जिवासाठी तो लागला तेव्हा त्याची किंमत शून्य निघाली. वाचवलं ते हातानं.

"हात पुरला नसता तं..." तो म्हणाला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पुढचं वाक्य बोलता आलं नाही.