उघडा डबा

फुलांवर औषध फवारायचं नाही, मधमाश्यांच्या पायांनी पोचवायचं, हे आजोबांचं काम. पेटीच्या दाराशी एक उथळ तबक, त्यात मित्रबुरशीची पांढरी भुकटी. बाहेर पडणारी माशी तिच्यातून चालत जाते आणि स्ट्रॉबेरीच्या फुलाफुलावर ती भुकटी सांडते. फळ कुजवणारा रोग तिथंच अडतो. पाहुण्यांना आजोबा छाती ठोकून सांगत, "बाळानं चाटली तरी काही होणार नाही!"

आज बाळानं खरंच चाटली.

लेकीची किंकाळी ऐकून ते शेडमध्ये धावले. तीन वर्षांची नात टेबलाखाली बसलेली, मांडीत उघडा डबा, ओठ पांढरेफटक. टेबलावर दुसरा डबा, हुबेहूब तसाच, पण झाकण लावलेला. एकात मित्रबुरशी, दुसऱ्यात पेटीच्या पायांशी टाकायची मुंग्यांची विषारी पावडर. पाकिटं फाटली म्हणून आजोबांनीच दोन्ही बिस्किटांच्या डब्यांत ओतल्या होत्या. चिठ्ठी लावा म्हणणाऱ्या लेकीला "माझ्या लक्षात राहतं" असं वर सुनावलंही होतं.

"बाबा, यात काय आहे?"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना वास नाही. म्हाताऱ्याची हुशारी नेमकी ऐन वेळी ढुंगणाला पाय लावून पळाली.

लेकीनं पोरीचं तोंड धुतलं, तिला गाडीत घातलं. "दवाखान्यात विचारतील. शोधा आणि फोन करा!"

शोधणार कसं? मग आठवलं. सकाळी तबक भरून डबा उघडाच टाकला होता, तो हाच. तबकातही यातलीच पावडर; ती विष असेल तर माश्या एव्हाना मेल्या असतील.

ते पेटीकडे धावले. दार सुनं. एक माशी दिसेना. आभाळ भरून आलं होतं, आणि ऊन गेलं की माश्या आतच बसतात हे त्यांनीच शेकडो लोकांना शिकवलेलं. पण त्या घटकेला काही म्हणजे काही सुचलं नाही. पोर हातची गेली, एवढंच डोक्यात. तोंडावर जाळीही न घेता त्यांनी पेटीचं झाकण ओढलं.

आतून गुणगुणाट उसळला. कपाळावर डंख, ओठावर, पापणीवर.

"चावा गं बायांनो, चावा!" म्हातारा ओक्साबोक्शी रडत होता.

झाकण लावून त्यांनी फोन केला. "विष नाही गं. माश्या जिवंत आहेत, मी पाहून आलो."

पलीकडे लेकीनं सुस्कारा सोडला. "मग परत फिरू का, बाबा?"

आजोबांचा एक डोळा सुजून मिटत चालला होता.

"नको," ते म्हणाले. "डॉक्टरांना दाखवच. मी दोन्ही डबे घेऊन येतो. माझ्या भरवशावर राहू नकोस."