जानेफळची बैलजोडी

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या थोरल्या दादाच्या, उकंडरावांच्या रुख्मिणीला जानेफळच्या रंगरावांनी आपल्या मुलासाठी पसंत केलं होतं. ते नवराबायको बीबीला येऊन मुलगी पाहून गेले, आता आम्ही दोघं भाऊ त्यांचं घर पाहायला निघालो. मेहकरला एसटी बदलताना दादा म्हणाला, "शेषराव, तू इतकी कीर्तनं ऐकली, तुले माणूस पाह्यल्याबरोबर कयते. घर बरं वाटलं तर मान हालव."

कीर्तनानं माणूस कळतो की नाही, पांडुरंग जाणे. पण दादाचा विश्वास होता, आणि त्या दिवशी मलाही थोडा चढला होता.

घर सारवून चकचकीत. ओसरीवर सतरंजी, पितळी तांबे, आणि दारापुढेच बांधलेली बैलजोडी; एक पांढरा, एक तांबडा. रंगराव तर बैलांवरून हातच काढत नव्हते, अन् घडीघडी म्हणत होते, "पाव्हणे, आमच्या घराण्यात एकटा बैल कधी उभा राह्यला नाही. आमच्या आज्यापासून जोडीच!"

मला ते बोलणं जरा जास्त वाटलं. ज्याच्या घरी असतं, तो इतक्यांदा सांगत नाही.

जेवणं झाली. मी हात धुवायला बाहेर आलो, तेव्हा नवरा मुलगा अर्जुन बैलांना पाणी पाजून परत आणत होता. पांढरा सरळ आपल्या खुंट्यापाशी आला. तांबडा मात्र दाराकडे न बघता पुढे चालत गेला, थेट शेजारच्या अंगणात. तिथल्या बाईनं काही न बोलता त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकली.

झालं. माझ्या मनात संशय शिरला. बैल मागून आणलेले, तर सतरंजी कोणाची? ओसरीवर येऊन मी तांब्या उलटा करून पाहिला. नाव रंगरावांचंच कोरलेलं होतं, तर मला ती अक्षरं ताजी वाटायला लागली. पान खायच्या निमित्तानं मी शेजारी गेलो.

"बाई, हा बैल कोनाचा?"

"माहा." ती शेजारीण, जनकाबाई, माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "काऊन, घ्याचा हाय का?"

"अन् तो पांढरा?"

तिनं तोंडाला पदर लावला. "ते त्याइलेच इचारा. मले काऊन भांडनात पाडता? पन पोरगा त्याइचाच हाय हो, तेवढं मी सांगतो."

मी येऊन दादाच्या कानाला लागलो. दादाला कुजबुजणं जमत नाही. तो ताडकन उठला. "चाल शेषराव! मागून आनलेल्या बैलाच्या घरी माही पोरगी द्याची नाही मले."

रंगरावांचा चेहरा उतरला. अर्जुनच पुढे झाला. "काकाजी, पांढरा आमचा हाय. तांबडा जनकामावशीचा. सावड हाय आमची. तिचा एक, आमचा एक. दोघांचं वावर त्याच जोडीनं वाहतो."

"तू गप बैस बे!" रंगराव ओरडले.

"काऊन गप? सावड काय चोरी हाय, बाबा?"

"आमच्या घराण्यात असं खोटं चालत नाही," दादा म्हणाला.

तेवढ्यात दाराआडून मंजुळाबाईंचा, मुलाच्या आईचा, आवाज आला. "भाऊ, एक इचारू का? रुख्मिणीनं चाय देल्ला, तवा हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोरीचं मनगट तं नाजूक हाय. कोनाच्या मापाच्या होत्या त्या?"

पाटल्या माझ्या बायकोच्या, गीताबाईच्या. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

"मले तवाच समजलं होतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन पोरगी गोड वाटली. पाटल्याइले थोडंच नांदाचं हाय आमच्या घरी?"

देवळाकडून मृदंग लावल्याचा आवाज येत होता. गावात त्या संध्याकाळी कीर्तन होतं. एरवी माझे पाय कधीच तिकडे वळले असते. पण दादा अजून उभाच होता, आणि रुख्मिणीचं सगळं त्याच्या त्या उभं राहण्यावर अडलं होतं.

"सावड कधीपासून हाय?" त्यानं अर्जुनला विचारलं.

"मले समजते तवापासून."

"पाऊस पडल्यावर पह्यले कोनाचं वावर पेरता?"

"एका साली तिचं, एका साली आमचं."

"भांडन?"

"होते ना. मावशीचं तोंड लय तिखट हाय. पन जू ठेवलं की बोलनं बंद."

दादा हळूहळू खाली बसला. सावड टिकवणं काय असतं ते त्याला ठाऊक होतं. आमची सख्ख्या चुलतभावाशी होती, ती एका पेरणीतच मोडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायला गेलो, तर तो म्हणाला, "राहू दे. तुही मान पाह्यली आता." मग रंगरावांकडे वळला. "सुपारी फोडाची का, पाव्हणे?"

रंगराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते वळून म्हणाले, "पह्यले जनकाबाईले बलावा. अडकित्ता तिच्या घरचा हाय. आताच सांगून ठेवतो."