काटा उजवीकडे

रशीदने विमान हलकेच वळवलं आणि कपाळावरचा टोप सावरला. टोपाच्या झापडीमुळे बाहेरचं काही दिसत नसे, दिसत ती फक्त समोरची यंत्रं. ढगात, धुळीत शिरल्यावर त्यांच्याच भरवशावर कसं उडायचं, हे शिकायला तो दर शुक्रवारी ओमानमधल्या सोहारहून समुद्रावर येई. विमान चालवण्याचा साधा परवाना त्याच्याकडे होताच.

"रशीदभाई, पूर्व धरायला सांगितली होती," शेजारी बसलेली प्रशिक्षक ऋचा म्हणाली. "तुमचा काटा पुन्हा उजवीकडे. दर वेळी आग्नेयेलाच निघता."

"तिकडे हर्णै आहे ना, मॅडम."

तो हसत बोलला खरा, पण हर्णैला अम्मी एकटी होती. ओमानला ये म्हटलं की ती फोनवर विषयच बदलायची. औद्योगिक वसाहतीतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सोडून त्यालाही जाता येत नव्हतं. तिच्या आठवणीने अलीकडे त्याला जेवण गोड लागत नसे, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"आज सरळ उडाला नाहीत, तर परीक्षेला पाठवायची नाही," ऋचा म्हणाली. "अंगाचं ऐकू नका. अंग फसवतं."

"तुमचं होत नाही असं?"

ऋचाने आसपासच्या आकाशावरून नजर फिरवली. घरच्यांच्या मनाविरुद्ध ती वैमानिक झाली, तेव्हापासून कोकणातल्या आपल्या घराचं, सावंतवाडीचं ती नावही काढत नसे, हे तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

"सगळ्यांचंच होतं. दाखवते. टोप काढा, बाहेर लक्ष ठेवा. मी डोळे मिटून पूर्वेला चालवते. विमान कुठं जातं ते बघा."

तिने विमान पूर्वेला आणलं आणि डोळे मिटले. खाली नुसता समुद्र, आसपास दुसरं विमान नव्हतं. रशीदने टोप काढला, बाहेर नजर टाकली आणि तो दिशेच्या तबकडीकडे बघत राहिला. उजवा पंख कळेल न कळेल इतका झुकला. पूर्व सरकली, आग्नेय आली आणि काटा तिथंच थांबला. ऋचाचा चेहरा इतका निवांत त्याने कधी पाहिला नव्हता. त्याला भरून आलं.

"कुठं चाललंय?" तिने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

रशीदने हात सुकाणूच्या दांडीपाशी तयार ठेवला आणि समोरचं मोकळं आकाश एकदा नीट पाहून घेतलं.

"सरळ," तो म्हणाला. "चालू द्या."