वस्तादांची खुर्ची

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात पैलवानाला जो मान होता, तो भल्याभल्यांना नव्हता. लालासाब तर पैलवान घडवणारे वस्ताद! त्यांच्या लेकीला, जरीनाला मागणी घालायला गौस त्यांच्याच तालमीत आला.

"मुंबईला ऱ्हाऊन काय शिकलास?" वस्तादांनी मिशीवर हात फिरवत विचारलं.

"जहाज बांधायचं, वस्ताद. आदी नकाशा काढायचा. पाण्यात किती बुडंल, कललं तर परत सरळ हुईल का, समदा हिशोब कागदावर. मगच लाकडाला हात लावायचा."

"आनि कोल्लापुरात समुद्र कुठं हाय रं?"

सगळी तालीम खो खो हसली. गौसचे कान लाल झाले. नदीपलीकडच्या चिखलीचा हा पोरगा लहानपणी याच तालमीत लाल मातीत लोळलेला. पंचगंगेवर चांगल्या होड्या बांधायच्या आणि जरीनाला घरात आणायची, एवढंच त्याचं मागणं होतं.

"होडी बांध," वस्ताद म्हणाले. "मला फेटा न भिजवता पलीकडं न्हे. मग पोरगी तुजी. भिजला, तर परत हितं तोंड दावू नगंस."

वस्तादांना पोहता येत नव्हतं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पण तसं बोलून दाखवायची कुणाची टाप होती?

गौसनं जीव ओतून होडी बांधली. वस्तादांचं अवाढव्य वजन धरलं, ते तळाशी मांडी घालून बसतील असं मानलं आणि नकाशा काढला. हिशोब चोख होता. नेमका वस्तादांचा मान तेवढा हिशोबात धरायचा राहिला.

ठरल्या दिवशी घाटावर हीऽ गर्दी! वस्ताद आले आणि त्यांच्या मागं दोन पैलवान खुर्ची घेऊन आले. गौस लगबगीनं पुढं झाला.

"वस्ताद, वजन वर गेलं की होडी कलंडती. खाली बसा."

"तू फळीवर बसून वल्हं मारनार, आनि मी तुज्या पायाशी बसू व्हय? ठेवा रं खुर्ची!"

पैलवानांनी खुर्ची होडीत ठेवली, वस्ताद तिच्यावर बसले. होडी निघाली. निम्म्या पात्रापर्यंत कशीबशी गेली. तिथं घाटावरच्या लोकांनी जयघोष केला आणि वस्ताद ऐटीत वळून हात उंचावायला गेले. झालं! होडी एका अंगावर कलली, पाणी काठाला लागलं, वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. गौसला होडी दिसेना, नदी दिसेना. डोळ्यांपुढं नुसती जरीना. तो जिवाच्या आकांतानं ओरडला,

"कंबर खाली!"

तालमीतली ती वस्तादांचीच आरोळी. उभ्या जन्मात त्या शब्दाला त्यांचं अंग कधी चुकलं नव्हतं. धाडकन खाली बसले ते थेट तळाशी. खुर्ची गेली नदीत. होडी दोनदा डुलली आणि गपगार सरळ झाली.

"हुकूम कुनाला सोडलास रं?" वस्ताद गुरगुरले.

"चुकलं, वस्ताद. पर तुमीच शिकवलंय न्हवं? कंबर खाली असली की पैलवान हलत न्हाय. होडीचंबी तसंच हाय."

वस्तादांनी हळूच फेटा चाचपला. कोरडा! मग ते असे गडगडून हसले की होडी पुन्हा डुलायला लागली.

निकाहानंतर जरीना त्याच होडीतून सासरी निघाली. वस्ताद घाटावर उभे होते. होडी जरा लांब गेली आणि बापाला नीट बघावं म्हणून पोरगी एकदम उठून उभी राहिली.

"पोरी, कंबर खाली!" वस्ताद ओरडले. तालीम हादरवणारा तो आवाज पाण्यावरून घुमत गेला. जरीनाला तो ऐकू गेला. ती खाली बसली, होडी सरळ झाली आणि पलीकडं निघून गेली.

वस्तादांनी फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला. फेटा भिजला तो त्या दिवशी.